विनाटर्बो पेट्रोल इंजिन: रीमॅप की हेडर?

1.2 लिटर, चार सिलिंडर, कंपनीची ताकद 83 ते 90 पीएस. अशा गाडीची ताकद वाढवायची तर आधी काय करावं: रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीयूची, सेटिंग बदलणं) की हेडर (इंजिनचा धूर बाहेर नेणारे खास पाइप)?

टर्बो गाडीत रीमॅपने बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवता येतो, इथे बूस्टच नाही. ट्यूनरच्या हातात उरतं इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), फुल थ्रॉटलवरचं मिश्रण (ताकदीसाठी साधारण 12.5 ते 13 भाग हवा, एक भाग पेट्रोल) आणि थ्रॉटलचा प्रतिसाद. वाढ फार तर 5 ते 10 टक्के. गाडी चपळ वाटते, पण त्यात थ्रॉटल मॅपचा (पेडल किती दाबल्यावर थ्रॉटल किती उघडतो) वाटा मोठा. टायमिंग 95 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी पुढे घेतलं आणि टाकीत 91 भरलं, की घाटात तिसऱ्या गिअरला खडखड सुरू होते. नॉक सेन्सर ही खडखड ओळखून टायमिंग मागे ओढतो, कमावलेलं तिथेच जातं.

4-2-1 हेडरचं (चार पाइप आधी दोनात, मग एकात) काम वेगळं. एका सिलिंडरचा धूर बाहेर पडताना दुसऱ्याचा ओढून घेतो, मधल्या आरपीएमला टॉर्क मिळतो. मात्र पाइप गरजेपेक्षा रुंद घेतला तर धुराचा वेग मंदावतो आणि शहरात गाडी मेल्यासारखी उठते. गॅस्केट नवीनच टाका. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती राहिली तर बाहेरची हवा आत शिरते, ईसीयू मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) समजून जास्त पेट्रोल सोडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढू नका, ते बेकायदा आहे.

आमचं मत: आधी रीमॅप नको. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, प्लग-फिल्टर बदला, हेडर बसवा, मग त्यावर रीमॅप करा. उलट क्रमाने गेलात तर रीमॅपचे पैसे दोनदा जातात.