वरच्या मजल्यासाठी रिटर्न डक्ट बसवून घेतला, त्याचा रिव्ह्यू

डक्टचा एसी असलेल्या दुमजली घरात खाली शाल पांघरायची आणि वर घाम पुसायचा, हे ज्यांच्या नशिबी आहे त्यांच्यासाठी लिहितेय. रिटर्न डक्ट म्हणजे खोल्यांतली हवा परत मशीनकडे ओढून नेणारी वाहिनी.

आधी बोलावलेल्या ठेकेदाराने खोल्यांवर नजर फिरवली आणि मोठं मशीन घ्या म्हणून सांगितलं. ज्यांच्याकडून शेवटी काम करून घेतलं, त्यांनी मशीनचा विषयच काढला नाही. त्यांच्यातले वयस्कर काका वर गेले, एसी चालू ठेवून बेडरूमचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि दाराखालच्या फटीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरली. पट्टी त्यांच्याच दिशेने फडफडायला लागली. दार जरा किलकिलं केलं, तर गप्प लोंबकळली. "हवा येतेय हो ताई. तिला परत जायला वाट नाहीये. भरल्या खोलीत अजून किती कोंबायची?"

घरातला एकुलता एक रिटर्न खाली, जिन्याच्या पायथ्याशी. थर्मोस्टॅटही (तापमान बघून मशीन चालू-बंद करणारा) तिथेच. वरची थंड हवा जड असल्यामुळे जिन्यावरून खाली उतरते, थर्मोस्टॅटला वाटतं झालं काम, मशीन बंद. वर मात्र छत तापलेलं आणि गरम हवा छताखाली साचलेली. खालच्या, हवा सोडणाऱ्या ग्रिल (जाळ्या) बंद करून हवा वर ढकलता येईल का, असं मी विचारलं. काकांनी चक्क नाही म्हटलं. त्याने डक्टमधला दाब वाढतो, कॉइलवरून (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवरून) जाणारी हवा कमी होते आणि कॉइलवर बर्फ धरू शकतो.

काम असं झालं: वरच्या पॅसेजमध्ये छतालगत मोठी रिटर्न ग्रिल, तिथून माळ्यावरून मशीनपर्यंत इन्सुलेशन केलेला डक्ट आणि प्रत्येक बेडरूमच्या दारावर ट्रान्सफर ग्रिल, म्हणजे दार लावलं तरी हवा पॅसेजमध्ये येते. सांधे मॅस्टिकने, म्हणजे सांधे बुजवायच्या लुकणाने, भरले. कापडी टेप का नको, तर ती कालांतराने सुटते. आणि रिटर्न हवा ओढणारा असल्यामुळे सांधा उघडा पडला की माळ्यावरची तापलेली, धुळकट हवा थेट मशीनमध्ये. हे मला आवडलं, कारण हा भाग झाकला गेल्यावर कोणी बघायला येत नाही.

स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवा ढकलताना मशीनवर येणारा दाब, सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा माझ्यासमोर मोजलं. आधी ०.८ इंच वॉटर कॉलम (हे दाबाचं माप) होतं, काम झाल्यावर ०.५ च्या आत आलं. मशीनच्या पाटीवर कमाल ०.५ लिहिलंय, म्हणजे बिचारा ब्लोअर (मशीनमधला पंखा) इतके दिवस ढोरमेहनत करत होता. वर-खाली चार-पाच अंशांचा फरक असायचा, आता भर दुपारीही तो दोन अंशांच्या आसपास.

आता कुरबुरी. पहिली ग्रिल शिट्टी वाजवायची. जाळी लहान असली की हवेचा वेग वाढतो, तो हा आवाज. त्यांनी मोठी आणून बसवली, कुरकुर न करता. प्लास्टर मात्र ओबडधोबड सोडून गेले, रंग आमच्याच गळ्यात. ट्रान्सफर ग्रिलमधून पॅसेजमधलं बोलणं आत शब्दन् शब्द ऐकू येतं, किशोरवयीन मुलं असतील तर हे आधीच लक्षात घ्या. फिल्टर छताच्या ग्रिलमध्ये गेल्यामुळे बदलायला स्टूल लागतं. मशीनपाशी आणखी एक फिल्टर ठेवू नका, हे त्यांनी बजावलं, कारण एकाच हवेच्या वाटेत दोन फिल्टर म्हणजे पुन्हा अडथळा.

मशीनचा पंखा सतत चालू ठेवला तर दोन्ही मजल्यांची हवा मिसळत राहते, पण दमट दिवसांत मी तो ऑटोवरच ठेवते. नाहीतर कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहतो, कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं आणि घर चिकट वाटतं.

पश्चिमेची खोली अजूनही संध्याकाळी तापते. तो दोष रिटर्नचा नाही, छताचा आहे आणि हे काकांनी काम घेण्याआधीच सांगितलं होतं. झोन डॅम्परचं (प्रत्येक भागाची हवा वेगळी कमी-जास्त करणाऱ्या झडपांचं) कोटेशनही दिलंय त्यांनी. मी ते बाजूला ठेवलंय, आधी माळ्यावर इन्सुलेशन टाकून घेणार.