सीटचा सांगाडा प्लॅस्टिकचा करावा का? पोलाद, ग्लास-फिल्ड नायलॉन आणि ऑर्गॅनोशीट समोरासमोर

सीटचं वजन उतरवायचं काम टेबलावर आलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो तो ‘कुठलं प्लॅस्टिक वापरू या?’ हा. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पहिला: सीटबेल्ट कुठे अडकवलाय? दुसरा: आजच्या सांगाड्यात किती तुकडे वेल्ड होतात? ही दोन उत्तरं हातात आली की मटेरियल जवळजवळ आपोआप ठरतं. चाकण, भोसरी, तळेगावच्या पट्ट्यात सीटचे भाग बनवणाऱ्या आणि गाडी कंपनीकडून ‘वजन कमी करा, पण किंमत वाढवू नका’ असा निरोप आलेल्या डिझाइनवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

बेल्टपासूनच सुरुवात करू. सीटच्या पाठीच्या मजबुतीसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम १७ आहे. त्यात पाठीवर मागच्या दिशेने ५३० न्यूटन-मीटरचा मोमेंट (फिरवणारा जोर) लावतात. ग्लास-फिल्ड (काचतंतू भरलेल्या) नायलॉनची नीट रिब (ताठरपणासाठीच्या उभ्या कडा) दिलेली पाठ हे सहज सोसते. आता नियम १४ पाहा, तो बेल्टच्या अँकरेजचा, म्हणजे बेल्ट जिथे अडकवतात त्या जागांचा आहे. प्रवासी गाडीत तीन-बिंदू बेल्टच्या खांद्याच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन आणि कमरेच्या पट्ट्यावर आणखी १३,५०० न्यूटन लावतात. अँकरेज सीटच्याच सांगाड्यावर असेल तर सीटच्या वजनाच्या वीसपट बल वेगळं. बेल्ट पाठीच्या माथ्यावरून निघतोय आणि माथा बिजागरीपासून ६०० मिमी वर आहे, असं धरा. खांद्याच्या बलातला निम्माच भाग माथ्याला गेला तरी बिजागरीशी ४,०५० न्यूटन-मीटर येतात, म्हणजे पहिल्या चाचणीच्या साडेसातपट. मागच्या बाकावरच्या मधल्या प्रवाशाचा बेल्ट ६०:४० अशा दोन भागांत दुमडणाऱ्या पाठीतून निघतो तेव्हा नेमकं हेच होतं.

म्हणून बेल्ट पाठीत असेल तर पूर्ण प्लॅस्टिकचा विचार बाजूला ठेवा. उच्च-ताणाच्या पोलादाची उभी पट्टी घाला आणि उरलेल्या भागात हवा तो प्रयोग करा. बेल्ट गाडीच्या खांबाला आणि फ्लोअरला असेल, तर मागच्या पाठीवर बेल्टचा भार येतच नाही. तिथे मुख्य परीक्षा सामानाची. डिकीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या धडकेइतका झटका देतात. पाठ सुटता कामा नये, फार पुढे झुकता कामा नये. पुढच्या सीटचं प्रकरण मधलं आहे. खांद्याचं टोक खांबाला असतं, पण बकल बहुतेक वेळा सीटच्या फ्रेमवर, त्यामुळे बैठकीच्या दोन बाजू आणि रेल पोलादीच राहतात. कुशन पॅन (बैठकीच्या गादीखालचं तबक) मात्र प्लॅस्टिकला चांगला जमतो.

आता वजन. ‘प्लॅस्टिक हलकं असतं’ हे वाक्य अर्धवट खरं आहे. १ मिमी पोलादी पत्र्याइतका वाकताना ताठ राहणारा सपाट पत्रा दुसऱ्या मटेरियलचा करायचा तर जाडी आणि वजन किती लागेल, याचा साधा हिशेब असा:

| मटेरियल | घनता (ग्रॅम/घनसेमी) | यंगचा गुणांक, म्हणजे ताठरपणा (गिगापास्कल) | लागणारी जाडी (मिमी) | वजन (किलो/चौमी) |
|---|---|---|---|---|
| पोलाद | ७.८५ | २१० | १.० | ७.९ |
| अॅल्युमिनियम | २.७ | ७० | १.४ | ३.९ |
| मॅग्नेशियम | १.८ | ४५ | १.७ | ३.० |
| नायलॉन ६, ३०% ग्लास, ओलावा घेतलेलं | १.३६ | ६ | ३.३ | ४.४ |
| ऑर्गॅनोशीट (विणलेली काच, नायलॉन ६) | १.८ | १८ | २.३ | ४.१ |

पोलादापेक्षा सगळेच हलके, हे खरं. पण नायलॉन अॅल्युमिनियमच्याही मागे आहे, आणि महागडी ऑर्गॅनोशीट साध्या ग्लास-फिल्ड नायलॉनपेक्षा जेमतेम पुढे. हा झाला वाकण्याचा हिशेब. सरळ ओढ सोसायची असेल तर तेवढ्याच वजनात ग्लास-फिल्ड नायलॉनचा ताठरपणा पोलादाच्या एक-षष्ठांश भरतो. बेल्टच्या पट्टीला पोलाद का, याचं हे दुसरं कारण.

मग प्लॅस्टिकचा फायदा कशात? आकारात आणि जोडांत. साच्यात २५-३० मिमी खोल रिब काढायला जादा वेल्डिंग लागत नाही. रिक्लायनरची (पाठ कलती करणाऱ्या यंत्रणेची) बैठक, हेडरेस्टच्या नळ्या, वायरिंगच्या क्लिप, फोम धरणाऱ्या कडा असं सगळं एकाच शॉटमध्ये (साच्याच्या एका भरणीत) निघतं. याचं चांगलं उदाहरण २०२१ च्या टोयोटा सिएनाची तिसरी रांग. तिथे ग्लास-फिल्ड नायलॉनच्या एका इंजेक्शन मोल्डेड भागाने पंधरा पोलादी तुकड्यांची जागा घेतली आणि वजन सुमारे ३० टक्के उतरलं. पंधराचा एक होतो तेव्हा वेल्डिंगचे जिग, तपासणी, रंग आणि आतल्या आतली ने-आण सगळंच कमी होतं. तुमच्या सध्याच्या सांगाड्यात चारच तुकडे असतील, तर या आकड्याकडे बघून हुरळून जाऊ नका.

खोल रिबला जागा लागते, आणि ही गोष्ट स्टायलिंगवाल्यांना फार उशिरा सांगितली जाते. पोलादी पाठ पातळ राहते. प्लॅस्टिकची पाठ जाड होते आणि मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांची जागा खाते. लहान हॅचबॅकमध्ये एवढ्यावरूनच प्रकल्प बारगळू शकतो.

आता प्लॅस्टिकच्या घरातली निवड. नायलॉन ६ की पॉलिप्रॉपिलीन?

नायलॉन ओलावा पितं, आणि त्याने त्याचा स्वभावच बदलतो. ३० टक्के ग्लासचं नायलॉन ६ साच्यातून कोरडं निघतं तेव्हा त्याचा गुणांक साडेनऊ गिगापास्कलच्या आसपास असतो. हवेतला ओलावा घेऊन स्थिरावलं की सहाच्या आसपास येतो. ताणाची ताकदही सुमारे १८५ मेगापास्कलवरून ११५ वर उतरते. त्या बदल्यात ते चिवट होतं आणि धडक जास्त चांगली सोसतं. म्हणजे एकच सीट कोकणात जुलैमध्ये वेगळी आणि चंद्रपुरात मेमध्ये वेगळी वागणार. चाचणीचा नियम मी असा ठेवतो: स्थिर भाराची चाचणी ओलावा घेतलेल्या भागावर ८० अंशांच्या वर, धडकेची चाचणी कोरड्या भागावर उणे ३० अंशांत. दोन्हीकडची वाईट बाजू पाहायची. साच्यातून आज निघालेला भाग उद्या सकाळी चाचणीला नेऊन मिळालेल्या ‘पास’ला काही अर्थ नाही, आणि घाईच्या वेळापत्रकात नेमकं तेच केलं जातं.

पॉलिप्रॉपिलीन ओलावा जवळजवळ घेतच नाही, स्वस्त आहे आणि हलकंही. ४० टक्के लांब काचतंतू भरूनही त्याची घनता १.२२ च्या आसपास राहते. पण ते १६५ अंशांच्या सुमाराला वितळतं आणि ८० अंशांवर बराच ताठरपणा गमावतं. शिवाय सतत भाराखाली हळूहळू वाहतं. हे वाहणं म्हणजे क्रीप, आणि इथे तोच खरा शत्रू आहे. बोल्टखाली प्लॅस्टिक दबत गेलं की काही महिन्यांनी टॉर्क (बोल्टची आवळ) सुटतो आणि सीट करकरायला लागते. म्हणून प्रत्येक बोल्टच्या भोकात धातूचं बुश (छोटी नळी) हवंच. नायलॉनमध्येही हवं, पॉलिप्रॉपिलीनमध्ये तर वादच नको. माझी वाटणी साधी आहे: कुशन पॅन, पाठीचं मागचं कवच, दुमडणाऱ्या सीटचं तळ यांना लांब तंतूचं पॉलिप्रॉपिलीन, रिक्लायनर किंवा बिजागरी अडकणार असेल तिथे नायलॉन.

‘लांब तंतू’ या शब्दावर फार विसंबू नये, असंही सांगतो. दाण्यात तंतू १०-१२ मिमीचा असतो. मशीनचा स्क्रू, नोझल आणि अरुंद गेट (साच्यात प्लॅस्टिक शिरण्याचं तोंड) यांतून जाताना त्याचे तुकडे होतात. ऑपरेटरने बॅक प्रेशर (स्क्रूवरचा उलटा दाब) वाढवलं की पैसे लांब तंतूचे आणि भाग आखूड तंतूचा. ड्रॉइंगवर फक्त मटेरियलची ग्रेड लिहून थांबू नका, प्रक्रियेच्या मर्यादाही लिहा. वेल्ड लाइनचंही तसंच. दोन प्रवाह भेटतात तिथे तंतू एकमेकांत शिरत नाहीत आणि ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. गेटच्या जागा ठरवताना ती रेष रिक्लायनरच्या भोकावर येत नाही ना, हे साच्याचं पोलाद कापण्याआधी फ्लो सिम्युलेशनमध्ये पाहायचं. तंतू कुठल्या दिशेने पडलेत ते तिथून घेऊन ताकदीच्या गणितात भरायचं. सगळीकडे सारखाच गुणांक धरून काढलेलं उत्तर कागदावर सुंदर दिसतं, एवढंच.

ऑर्गॅनोशीट म्हणजे विणलेल्या काचेच्या कापडात नायलॉन आधीच मुरवलेला पत्रा. तो तापवून मऊ करायचा, रोबोने काही सेकंदांत साच्यात ठेवायचा, दाबून आकार द्यायचा आणि त्याच साच्यात मागून रिब इंजेक्ट करायच्या. ओपेलने अॅस्ट्रा ओपीसीच्या पुढच्या सीटच्या पॅनसाठी २०१२ च्या सुमाराला बीएएसएफ या रसायन कंपनीबरोबर हा मार्ग घेतला. त्याआधी इन्सिग्निया ओपीसीच्या सीटमध्ये आखूड तंतूचं नायलॉन वापरून झालं होतं.

वरच्या तक्त्यात ऑर्गॅनोशीट फिकी दिसली, पण तिची किंमत मोजायची ती मोडण्याच्या पद्धतीसाठी. पोलाद आधी वाकतं, मग ताणलं जातं. तुटायच्या आधी भरपूर ऊर्जा खातं. आखूड तंतूचं कोरडं नायलॉन साडेतीन टक्क्यांच्या आसपास ताणलं की फुटतं, आणि फुटलेली कड धारदार असते. नियम सीटला वाकू देतो, सुटू देत नाही. ऑर्गॅनोशीटला तडा गेला तरी सलग तंतू दोन्ही बाजू धरून ठेवतात. म्हणून सामानाच्या धडकेत पाठीचा मधला भाग फाटत असेल, तर अख्खी पाठ महाग करण्याऐवजी तेवढ्या भागात शीट घाला. अडचण दोन ठिकाणी आहे: शीटची कापून वाया जाणारी चिंधी, आणि तापवण्या-ठेवण्याचा सेल. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या मोल्डिंगवाल्याकडे एकवेळ मोठं मशीन सापडेल, इन्फ्रारेड ओव्हन आणि रोबोची जोडी सहसा नसते.

कार्बन तंतूचा प्रश्न लवकर मिटतो. बीएमडब्ल्यू एम३-एम४ च्या कार्बन बकेट सीटनी जोडीमागे ९.६ किलो वाचतात. त्या किमतीच्या गाडीत ते शोभतं. तुमचा ग्राहक किलोमागे दहा-वीस रुपयांवर घासाघीस करणारा असेल तर हे पान उलटा.

पैशाकडे येऊ. इंजेक्शन मोल्डिंगला मशीन मोठं लागतं. ०.२५ चौरस मीटर पसरलेल्या पाठीला साच्यात ४०० बार दाब धरला तर बंद ठेवायला सुमारे १,००० टन लागतात. साचाही तसाच भारी. पण एकदा बसला की मिनिटाच्या आसपास एक पूर्ण भाग मिळतो. नळी वाकवून वेल्ड केलेल्या फ्रेमचं उलट आहे: सुरुवातीचा खर्च कमी, प्रत्येक नगामागे मजुरी जास्त, आणि सीट ३० मिमी रुंद करायची झाली तर फिक्स्चर सरकवून काम भागतं. साचा रुंद होत नाही. एकाच सांगाड्यावर तीन गाड्या चालवायच्या असतील आणि तिसरीची रुंदी अजून ठरायची असेल, तर मी प्लॅस्टिकला हात लावणार नाही. वर्षाला दहा-पंधरा हजार नगांच्या आत असाल तरीही नाही. लाखाच्या जवळ आणि डिझाइन गोठलेलं असेल तर नक्की.

बसवाल्यांचं गणित यात बसत नाही. मोठ्या बससाठी अँकरेजचं बल तीन-बिंदू बेल्टला ४,५०० न्यूटन प्रत्येकी, म्हणजे प्रवासी गाडीच्या एक-तृतीयांश. भारतात बसच्या सीट, अँकरेज आणि हेडरेस्टसाठी एआयएस-०२३ हे मानक आहे. भार कमी, म्हणून प्लॅस्टिकला वाव जास्त, असं वाटेल. पण नग कमी आणि बसबांधणीवाल्यागणिक मापं वेगळी. त्यामुळे शहर बसमध्ये दिसते तीच रचना, खाली पोलादी नळीची चौकट आणि वर प्लॅस्टिकचं कवच, अजून काही वर्षं तरी योग्य आहे. कवच बदलायचं असेल तर आधी जळण्याचा वेग मोजा.

मोडीचा मुद्दा ग्राहक विचारतो म्हणून सांगतो. पोलादी फ्रेम भंगारवाला आनंदाने घेतो. थर्मोप्लास्टिक पुन्हा दळता येतं, पण प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतो, म्हणून दळलेला माल सीटच्या सांगाड्यात परत येत नाही. पंख्याच्या आच्छादनात किंवा ट्रेमध्ये जातो. त्यात पोलादी बुश आणि पट्ट्या घट्ट मोल्ड केल्या असतील तर तेही जड जातं. वेगळ्या करता येतील अशा बसवल्यात तर निदान वाद कमी होतो.

कोटेशन देताना एक रक्कम वेगळी लिहून घ्या: साचा दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांची. थंड झाल्यावर ग्लास-फिल्ड पाठ पिळते, आणि डाव्या-उजव्या रिक्लायनरच्या भोकांचा अक्ष जुळेपर्यंत साच्याला किमान एकदा हात लावावा लागतोच. गाडी कंपनीचा खरेदी विभाग ही ओळ पहिली खोडतो. खोडू देऊ नका.