चावीचा किचन टायमर: गेमिंगच्या ब्रेकसाठी कसा?

फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगची (ॲपच्या वापराला वेळेचं बंधन घालणाऱ्या सोयीची) मर्यादा अख्ख्या दिवसाची असते, तासातासाच्या ब्रेकची नाही; शिवाय सेटिंगमध्ये जाऊन ती वाढवताही येते. त्यापेक्षा 60 मिनिटांचा चावीचा टायमर बरा. डायल आधी 60 पर्यंत पूर्ण फिरवा, मग मागे 45 वर आणा. थेट 10-15 वर लावला तर स्प्रिंगला ताण कमी पडतो आणि घंटी अर्धवट वाजते. एक-दोन मिनिटांचा फरक पडतो, चालायचंच.

ठेवायचा स्वयंपाकघराच्या फळीवर. टेबलावर ठेवलात की हात पोचतो, मग उठतंय कोण! हेडफोनचा एक कान मोकळा हवा. घंटी मॅचच्या मध्येच वाजली तर मॅच संपवा, पण पुढची लॉबी (पुढच्या मॅचसाठी खेळाडू जमतात ती जागा) लावू नका.

ब्रेक पाच मिनिटांचा. गॅलरीतून 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघा, मनगटं फिरवा, पाणी प्या. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडायचं नाव नको, घरातच फिरा. कूलरचा झोत थेट तोंडावर घेतला की डोळे कोरडे पडतात, तेव्हा झडपा वळवा.

खोट एकच, रात्रीची टिकटिक. खाली जाड फडकं घडी करून ठेवलं की बरीच दबते.