विश्रामबागचा फ्लाइट सिम्युलेटर क्लास: विमान हलायच्या आधीचं शिकवतात, तेच भारी आहे

पहिलंच सांगतो, खुर्चीत बसलं की विमान लगेच ढगात अशी अपेक्षा ठेवून जाणार असाल तर इथं तसं होत नाही. सांगलीत शंभर फुटी रोडपासून आत, विश्रामबागच्या बाजूला हा क्लास आहे, पायलट व्हायचं म्हणणाऱ्या बारावीच्या पोरांसाठी, आणि सुरुवातीचे कितीतरी दिवस स्क्रीनवरचं विमान जागचं हलतच नाही. नुसती तयारी. काही पालक यावरनं नाराज आहेत, जिन्यात उभं राहून बोलतात की एवढी फी घेतात आणि पोरगं अजून रनवेवरच आहे. माझं मत बरोबर उलटं आहे. पुतणीची फी मी याच गोष्टीसाठी भरली आणि परत भरीन.

सेटअप बोईंग ७३७ सारखा आहे, दोन सीट, समोर मोठे स्क्रीन, मध्ये थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) आणि फ्लॅपचा लिव्हर. फ्लॅप म्हणजे पंखाच्या कडेच्या पट्ट्या, त्या बाहेर काढल्या की कमी वेगातही विमान उचललं जातं, आणि किती बाहेर ते आकड्यात सांगतात. एक पोरगं चेकलिस्ट वाचतं, दुसऱ्यानं बघून उत्तर द्यायचं. "फ्लॅप्स?" "पाच, ग्रीन लाइट." पुतणीनं एकदा स्क्रीनकडं बघत बघतच पाच म्हणून टाकलं, तर सर मागनं म्हणाले, "बाळा, पाच कुठं दिसलं तुला? लिव्हर बघ, काटा बघ, हिरवा दिवा बघ, मग बोल." लिव्हर तेव्हा शून्यावरच होता. सरांनी आवाज चढवला नाही पण पूर्ण लिस्ट पहिल्यापासून घ्यायला लावली.

घरी आल्यावर मी यावर जरा वाचलं आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. २० ऑगस्ट २००८ ला माद्रिदमध्ये स्पॅनएअरचं एमडी-८२ फ्लॅप्स न लावताच टेकऑफला निघालं आणि १५४ माणसं गेली. आधी ते एका बिघाडामुळं रनवेजवळनं परत फिरलं होतं, दुरुस्ती झाली, उशीर झालेला, सगळी गडबड, आणि दुसऱ्यांदा निघताना चेकलिस्टमध्ये फ्लॅप्सचा आकडा तोंडानं म्हटला गेला पण प्रत्यक्षात फ्लॅप्स आतच होते. म्हणजे आमच्या पुतणीनं खुर्चीत बसून जे केलं अगदी तेच. आणि अशावेळी कॉकपिटमध्ये जो भोंगा वाजायला पाहिजे तोही वाजला नाही. त्याच्या २१ वर्षं आधी, १६ ऑगस्ट १९८७ ला, अमेरिकेत डेट्रॉइटला नॉर्थवेस्टचं एमडी-८२ असंच पडलं होतं, जमिनीवरचे दोघं धरून १५६ मृत्यू, विमानातली फक्त एक चार वर्षांची पोरगी वाचली. तिथं टॅक्सी करतानाची, म्हणजे विमान जमिनीवरनं रनवेकडं नेतानाची चेकलिस्ट घेतलीच नव्हती आणि वॉर्निंग सिस्टिमला वीज पोचत नव्हती. ही काय नवशिकी माणसं नव्हती, रोज विमान उडवणारी होती.

भोंगा वाजला म्हणून सुटका होते असंही नाही बरं का. १९९९ ला ब्यूनॉस आयर्सला लापा या अर्जेंटिनाच्या कंपनीच्या ७३७ मध्ये टेकऑफच्या वेळी तो वाजत होता तरी विमान पुढंच नेलं, ६५ जण गेले. म्हणून इथं सर मुद्दाम कधी पार्किंग ब्रेक लावून ठेवतात, कधी स्पीडब्रेकचा (पंखावरच्या वेग कमी करणाऱ्या पट्ट्यांचा) लिव्हर किंचित वर, आणि पोरांना थ्रॉटल पुढं घ्यायला सांगतात. भोंगा वाजला की थ्रॉटल मागं, कशामुळं वाजला त्याची चर्चा नंतर. हे इतक्यांदा करून घेतात की पोरांचा हात आपोआप मागं येतो. मला क्लासमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

वजनाचं गणितसुद्धा चांगलं शिकवतात. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर विमानाच्या वजनावरनं टेकऑफचा स्पीड काढायचा, एकमेकांचं बघायचं नाही, नंतर जुळवायचं. सर मेलबर्नचं उदाहरण देतात, २००९ ला एमिरेट्सच्या विमानाचं वजन ३६२.९ टनाच्या जागी २६२.९ भरलं गेलं, एकच आकडा चुकला, शेपूट रनवेला घासलं आणि कसंबसं उडालं. विमानातले २७५ जण सुखरूप परत उतरले हे नशीब. आणि आपल्या जवळचं म्हणाल तर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात हवेच्या दाबासाठीचा ब्लीड स्विच चालू करायचाच राहिला, लोकांच्या नाका-कानातनं रक्त आलं, विमान परत मुंबईला आणावं लागलं. आपण सांगलीची माणसं कोल्हापूर नाहीतर पुण्याहून विमान पकडतो, सीटबेल्ट लावून मोबाइल बघत बसतो, त्यावेळी पुढं आत काय काय तपासायचं असतं याची मला तरी आधी काहीच कल्पना नव्हती.

आता तक्रार, आणि ती मी काउंटरवर पण बोललोय. चेकलिस्ट चालू असताना ऑफिसचा माणूस दार उघडून आत येतो, "सर, ते इस्लामपूरचे पालक आलेत", "सर, पावतीवर सही". अहो याच वेळी तर कुणी बोलायचं नसतं! खऱ्या विमानात दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवायचं बोलणं बंद असा नियम अमेरिकेत १९८१ पासून आहे. १९८८ ला डॅलसला डेल्टाच्या बोईंग ७२७ मध्ये टेकऑफआधी क्रूच्या इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, तिथं पण फ्लॅप्स राहिले, १४ जण गेले. आत व्यत्यय आला की सर लिस्ट परत पहिल्यापासून घ्यायला लावतात हे बरोबरच आहे पण त्यात पोरांचा वेळ जातो आणि तासाचे पैसे आपणच भरलेले असतात. दाराबाहेर एक लाल दिवा लावा, तो चालू असताना कुणी आत यायचं नाही, एवढं कराच. उजव्या सीटचा स्क्रीन पण मंद आहे, त्या बाजूच्या पोराला काटे नीट दिसत नाहीत, आणि जिथं बघून बोल शिकवताय तिथं हे चालणार नाही.

बाकी पार्किंगची बोंब आहे, गाडी लांब लावावी लागते. फी कमी नाही. इथले तास लायसनसाठी धरले जात नाहीत, २०० तासांचं खरं उड्डाण फ्लाइंग स्कूललाच करावं लागतं, हे सरांनी आधीच स्वच्छ सांगितलं ते आवडलं. शनिवार-रविवार गर्दी असते, मधल्या वारी सकाळची बॅच घ्या म्हणजे सरांचं लक्ष मिळतं, आणि पहिल्या दिवशी पोराबरोबर मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मागा, देतात. नुसता वाढदिवसाला फोटो काढायला येणार असाल तर इथं येऊ नका. माझ्याकडनं पाचपैकी चार.