गॅलेरा की पॅट्रोनी? आधी ‘क्लस्टर’चा घोळ मिटवू

एक सर्व्हर पडला तरी डेटाबेस चालू राहावा म्हणून अनेक सर्व्हर जोडायचे, तर मायएसक्यूएलकडे गॅलेरा आणि पोस्टग्रेसकडे पॅट्रोनी ही साधनं आहेत. पण पोस्टग्रेसवाला ‘क्लस्टर’ म्हणाला की आधी विचारून घ्यावं, मशिनं किती? कारण इनिटडीबी ही सुरुवातीची कमांड चालवल्यावर एकाच मशिनवर जी डेटा डिरेक्टरी तयार होते, तिलाच तिकडे क्लस्टर म्हणतात. शिवाय क्लस्टर नावाची कमांडही आहे. ती टेबलातल्या ओळी इंडेक्सच्या क्रमाने लावते. नाव ठेवणाऱ्यांना दुसरा शब्द सुचला नसावा. मायएसक्यूएलकडे एनडीबी क्लस्टर, इनोडीबी क्लस्टर आणि गॅलेरा क्लस्टर या तीन निरनिराळ्या गोष्टी. इथे मी बोलतोय ते प्रत्येक नोडवर, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक सर्व्हरवर, डेटाची पूर्ण प्रत असलेल्या जोडणीबद्दल. डेटाचे तुकडे वाटायचे तर ते शार्डिंग, तो विषय वेगळा.

मी गॅलेरा आणि पॅट्रोनी दोन्ही चालवलेत. गॅलेराचा मोह साधा होता: तिन्ही नोडवर लिहा, एक पडला तरी नवा प्रायमरी, म्हणजे लेखन घेणारा मुख्य सर्व्हर, निवडायची भानगड नाही. पण आमचा पुढचा पावती क्रमांक एका टेबलातल्या एकाच ओळीत होता. एका सर्व्हरवर दुसरं ट्रान्झॅक्शन लॉक सुटेपर्यंत गुमान थांबतं. गॅलेरात रो-लॉक, म्हणजे ओळीवरचं लॉक, त्या त्या नोडपुरतं. दोन नोडवरून तीच ओळ बदलली, की ज्याचा कमिट (बदल पक्का करणं) आधी लागतो तो टिकतो. दुसऱ्याच्या हाती थेट कमिट करताना एरर १२१३, डेडलॉक, म्हणजे त्याचं ट्रान्झॅक्शन रद्द. तेही नेमकं महिनाअखेरीच्या गर्दीत. गॅलेराला दोष देत नाही. त्याची रचनाच तशी आहे, आणि पुन्हा प्रयत्न करणारा कोड आमच्याकडेच नव्हता. उपाय म्हणून सगळं लेखन एका नोडकडे वळवलं. त्रास थांबला. पण एकीकडेच लिहायचं होतं तर हा सगळा खटाटोप कशाला केला होता?

पॅट्रोनी हे आधीच कबूल करतो: प्रायमरी एकच. त्याचेही नखरे आहेत. सध्याचा प्रायमरी (लीडर) कोण याची नोंद, म्हणजे लीडरची किल्ली, ठेवणारं एटसीडी वेगळं सांभाळावं लागतं. प्रायमरी अचानक गेला तर लीडरच्या किल्लीची मुदत संपेपर्यंत, म्हणजे मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांपर्यंत, लेखन अडतं. सिंक्रोनस मोड (बदल दुसऱ्या प्रतीवर पोचल्यावरच कमिट मानणारा) चालू केला नसेल तर शेवटची काही ट्रान्झॅक्शनं गमावण्याचा धोकाही असतो. मला अर्धा मिनिट परवडतो. तुम्हाला परवडत नसेल आणि ॲप नव्याने लिहीत असाल, तर रिट्राय (पुन्हा प्रयत्न करणारा कोड) पहिल्या दिवसापासून घाला आणि गॅलेरा जरूर बघा.

आमचा पावती क्रमांक मात्र अजून त्याच एका ओळीत आहे.