सीएफए फ्रँक: हमी दणकट, अटी जाचक

सीएफए फ्रँक हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले 14 देश आजही वापरतात ते चलन; एक सेवा समजून त्याचं हे परीक्षण. ही चलनसेवा डिसेंबर 1945 पासून चालू आहे. फ्रँकचे ठरल्या दराने युरो मिळतील याचा हमीदार फ्रेंच सरकारचा खजिना. नोटा छापून येतात त्या फ्रान्समधून.

महागाई रोखण्यात सेवा चोख. 2022 अखेर घानात महागाई 50 टक्क्यांवर गेली, तेव्हा शेजारच्या कोत दिव्वारमध्ये ती एक आकडीच होती. हे श्रेय नाकारणारे टीकाकार ग्राहकाची दिशाभूल करतात.

दुखणं आहे दरात. 655.957 फ्रँकला 1 युरो, हा दर पक्का बांधलेला. कापसाचे सौदे मात्र डॉलरमध्ये होतात. युरो वधारला की फ्रँकही वधारतो, आणि मालीतल्या कापसाच्या तेवढ्याच डॉलरचे फ्रँक कमी येतात. भाव कोसळले तरी चलन थोडंथोडं उतरवून धक्का पचवायची सोय नाही. दुरुस्ती होते ती एकदम: जानेवारी 1994 मध्ये एका फ्रेंच फ्रँकला (युरोआधीचं फ्रान्सचं चलन) 50 ऐवजी 100 सीएफए मोजावे लागू लागले. बाहेरून येणाऱ्या औषधांचं बिल रातोरात दुप्पट!

हमीचं शुल्क म्हणजे गंगाजळीतली, म्हणजे परकीय चलनाच्या साठ्यातली, फ्रेंच खजिन्याकडे ठेवायची ठेव. सुरुवातीला सगळीच पॅरिसला, 1973 पासून 65 टक्के, पुढे निम्मी. पश्चिमेकडच्या 8 देशांसाठी ही अट 2019 च्या कराराने गेली, मध्यवर्ती बँकेच्या मंडळांवरचे फ्रेंच प्रतिनिधीही उठले. पण बारीक अक्षरं वाचा: गंगाजळी मध्यवर्ती बँकेने मागताक्षणी चुकवायच्या देण्यांच्या 20 टक्क्यांवर घसरली, तर फ्रान्स पतधोरण समितीत पुन्हा माणूस बसवू शकतो. मध्य आफ्रिकेतल्या 6 देशांचा हा करार नव्हेच. आणखी एक गैरसोय: मूल्य सारखं असूनही पश्चिमेकडच्या डाकारची नोट मध्य आफ्रिकेतल्या याउंदेत चालत नाही.

सेवा सोडता येते. गिनीने 1960 मध्ये, मॉरिटानिया आणि मादागास्करने 1973 मध्ये सोडली. मालीने 1962 मध्ये स्वतःचं चलन काढलं, 1967 मध्ये त्याचं मूल्य निम्म्यावर आणावं लागलं आणि 1984 मध्ये स्वारी परत आली. तेव्हा सेवा सोडून स्वतःचं चलन काढायचं तर नोटांचं डिझाइन सगळ्यात शेवटी. आधी काही महिन्यांच्या आयातीला पुरेल एवढं परकीय चलन साठवावं, सरकारने मध्यवर्ती बँकेकडून किती उचल घ्यायची याला कायद्याने मर्यादा घालावी, युरोतलं कर्ज नव्या चलनात किती फुगेल याचा हिशेब मांडावा. दर बांधायचाच असेल तर युरो आणि डॉलर मिळून केलेल्या टोपलीशी बांधावा.

पाचपैकी गुण: पश्चिम विभाग अडीच, मध्य विभाग दीड.