बाळाचा प्लस वीसचा चष्मा: फ्रेम उत्तम, बसवणीत घोटाळे

जन्मजात मोतीबिंदू काढल्यावर बाळाच्या डोळ्यात भिंगच उरत नाही. ते बाहेरून द्यावं लागतं, आणि दोन-तीन महिन्यांच्या बाळाचा नंबर प्लस २० च्या आसपास, कधी त्याहूनही वर असतो. बेळगावात ऑर्डर देऊन मिळणाऱ्या मऊ सिलिकॉन फ्रेमच्या बाळचष्म्याबद्दल हे.

फ्रेम चांगलीच. स्क्रू नाही, बिजागरी नाही. बाळानं चावली, ओढली तरी बिघडत नाही. गडबड होते ती डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यात. फार आवळला तर भिंग पापण्यांना टेकतं, सैल सोडला तर चष्मा घसरतो, कारण बाळाच्या नाकाचा दांडा अजून वर आलेला नसतो. पट्ट्याखाली एक करंगळी जाईल एवढीच ढील हवी. घसरणं साधं समजू नका: प्लस २० चं भिंग ५ मिलिमीटर पुढं सरकलं की डोळ्याला ते प्लस २२ सारखं लागतं.

भिंग लेंटिक्युलर घ्यावं, म्हणजे नंबर फक्त मधल्या फुगीर वाटीत आणि कडेला सपाट. वजन कमी होतं; बाजूचं मात्र कमी दिसतं. त्या वाटीचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर सगळंच वाया. ३ मिलिमीटर चुकला की ६ प्रिझम लागतात, म्हणजे चित्र तेवढं जागेवरून सरकतं. बाळ बोलून दाखवत नाही, चष्मा ओढून काढतं, आणि घरचे म्हणतात, ‘त्याला आवडतच नाही.’ बाळाच्या बाहुल्या न मोजता फ्रेमच्या मापावर मध्य धरणारं दुकान असेल तर सरळ उठून यावं.

आणखी एक. चिठ्ठीवरचा नंबर दोन-तीननं मुद्दाम वाढवलेला असतो, कारण या वयात बाळाचं सगळं बघणं हातभर अंतरावरचं. दुकानदारानं तो ‘चुकून पडला’ म्हणून कमी करू नये.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हा चष्मा सहसा जमत नाही. त्या डोळ्याला सगळं जवळजवळ पाव पट मोठं दिसतं, दोन्ही चित्रं जुळत नाहीत. तिथं कॉन्टॅक्ट लेन्स बरी. अमेरिकेत अशा ११४ तान्ह्यांवर अभ्यास झाला: निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स, निम्म्यांना डोळ्यातच भिंग. साडेचार वर्षांच्या वयात नजर दोन्हीकडे सारखी निघाली, पण डोळ्याच्या आत पुन्हा ऑपरेशन करावं लागलं भिंगवाल्यांपैकी ७२ टक्क्यांना, लेन्सवाल्यांपैकी २१ टक्क्यांना. ऑपरेशनचा डोळा वापरात यावा म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावणं मात्र कुणालाच चुकत नाही.

नंबर पहिल्या वर्षात सारखा उतरतो, दर तीन महिन्यांनी तपासणी ठरलेली. त्यामुळं महागड्या कोटिंगवर पैसे घालू नका, दुसरी जोडी करून ठेवा. अथणी, रायबागहून येणाऱ्यांनी चष्मा हातात आला की बस धरण्याआधी नंबर लेन्सोमीटरवर मोजून घ्यावा. बऱ्याच दुकानांतलं यंत्र प्लस २० लाच थांबतं. तसं असेल तर ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांच्याकडेच तपासायला न्यावा.